एक्केचाळिसाव्या मिनिटाला अडकलेली डीव्हीडी

साहेब, वर्गात तुम्ही माझी फक्त एक्केचाळीस मिनिटं पाहिलीत आणि तेवढ्यावर एका मुलीला गुंड ठरवलंत. शाळेच्या पत्रावर सही तुमची आहे, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

मित्रांनो, मी कोण म्हणाल, तर हाँगकाँगमध्ये जन्मलेली एक जुनी डीव्हीडी. माझ्या पोटात कँटोनीज भाषेतला विनोदी सिनेमा आहे. गुंडांच्या सिनेमांची त्यात यथेच्छ टिंगल आहे. काळे चष्मे, लांब कोट आणि अक्कल शून्य. लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका चिनी दुकानात सॉसच्या बाटल्यांशेजारी मी वर्षभर धूळ खाल्ली. २००५ साली संजय मला मेडनहेड गावी आपल्या घरी घेऊन आले. ते पुण्याचे, वर्क व्हिसावर इंग्लंडला आलेले. त्यांची मुलगी सान्वी मला पाहताना हसून सोफ्यावरून घसरायची. भाषेचं एक अक्षर न कळता गुंडांच्या नकला करायची. तिची आई मीनल पोळ्या लाटायची थांबून बघत राहायची. माझे ते सुखाचे दिवस.

मग घरच्यांना मला डबीत ठेवायचा कंटाळा येऊ लागला. संजय माझ्यावर चहाचा मग ठेवू लागले.

"बाबा, तो कोस्टर नाहीये," सान्वी तिच्या मोडक्या मराठीत म्हणायची.

"अगं, पाठ झालाय तुला सिनेमा. आता करू दे तिला दुसरी नोकरी."

एकदा तो मग सरकवताना मी टेबलावर घासले गेले आणि अंगावर खोल चरा उमटला.

टर्मच्या शेवटच्या दिवशी शाळेत अभ्यास नसतो, मुलं घरून डीव्हीडी नेतात. माझ्यावर 'बारा वर्षांवरच्यांसाठी' असा शिक्का, सान्वीला बारा पूर्ण. ती मला मिरवत घेऊन गेली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला म्होरक्या एका नव्या गुंडाच्या मानेवर सुरा ठेवतो. तिथेच मी अडकले. सुरा मानेवर, चित्र गोठलेलं. वर्गातली एक मुलगी रडू लागली. पुढच्याच क्षणी म्होरक्याची आई येऊन त्याचा कान पिरगाळणार होती, कांदे चिरायचेत म्हणून सुरा हिसकावून घेणार होती. ते कोणी पाहिलंच नाही. हा गुन्हा माझा. मी तो नाकारत नाही.

हिंसक सिनेमा शाळेत आणला, असं पत्र घरी आलं. शाळेच्या नाटकात सान्वीला विसरभोळ्या राजाचं काम मिळालं होतं, ते काढून घेतलं. संजयना भेटीला बोलावलं. मी तुमच्या टेबलावरच होते. 'चरा माझ्यामुळे पडला, पुढचं बघा,' एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. पण व्हिसा वाढवायचा होता, कुठे वाद नको होता. ते नुसतं सॉरी म्हणत राहिले.

परतताना गाडीत सान्वी म्हणाली, "बाबा, तुला माहीत होता ना, पुढे त्याचा आई येते? तू का नाही सांगितला?"

सिग्नल हिरवा झाला तरी संजय थांबूनच राहिले. मागच्याने हॉर्न दिला.

त्या दिवसापासून सान्वीने एकही नक्कल केलेली नाही.

मित्रांनो, डिस्क कडेने धरा, काम झालं की डबीत ठेवा. तुमच्या आळसाची शिक्षा भलत्यालाच होते.

आणि साहेब, मी अडकले, बाप घाबरला. आमचं आम्ही कबूल केलं. तुमचं काय? माझं बेचाळिसावं मिनिट शाबूत होतं. रिमोट तुमच्या हातात होता, एक बटण दाबायचं होतं. जानेवारीत तालमी सुरू होतायत. राजाचं काम सान्वीला परत देणार की नाही? हो की नाही, तेवढंच लिहून कळवा.