बाहेरगावी गेलेली एक्केचाळीस मुलं

मित्रांनो, आरोग्य केंद्राच्या लोखंडी कपाटात, सगळ्यांत खालच्या फळीवर, मी एक जुनी लसीकरण नोंदवही पडून आहे. आपली गोष्ट सांगताना लोक थोडी फुशारकी मारतात. माझ्याकडे मात्र सांगायला लाजच जास्त आहे.

छापखान्यात मला बांधलं तेव्हा माझी पाठ निळ्या कापडाची होती आणि पानांना नवा वास होता. प्रत्येक पानावर रकाने: बाळाचं नाव, आईचं नाव, वस्ती, एकेका लशीची तारीख आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना, 'शेरा'. त्या कडेच्या रकान्यानेच पुढे माझं तोंड काळं केलं.

माझ्यात लिहायच्या त्या सिस्टर. बुटक्या, लगबगीच्या, पेन नेहमी अंबाड्यात खोचलेलं आणि तेच शोधत केंद्रभर फिरणार. बुधवारी सकाळी बाजारपेठेकडच्या आया बाळांना घेऊन यायच्या. सिस्टर सुई टोचून म्हणायच्या, "झालं की! मुंगी चावली नुसती." बाळ भोकांड पसरायचं आणि माझ्यात एक तारीख पडायची. मला फार बरं वाटायचं.

कालव्यापलीकडे दगडाच्या खाणीवर एक वस्ती होती. तिथल्या आयाबाया उजाडताच कामावर जायच्या. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी मुकादम दुसऱ्याच बाईला उभी करायचा. मग बुधवारी सकाळी त्या येणार कशा? सिस्टर नावं पुकारायच्या, क्वचितच कुणी ओ द्यायचं. माझे रकाने रिकामे राहायचे.

वर्ष संपत आलं आणि केंद्राच्या मोठ्या साहेबांनी सिस्टरना बोलावलं. "इतके रिकामे रकाने? वर काय तोंड दाखवू मी?"

"साहेब, खाणीवर एकदा जाऊन यायला हवं. गाडी मिळेल का?"

"गाडीचं नंतर बघू. आधी तक्ता पूर्ण करा."

गाडी मिळाली नाही. चालत जायचं तर दीड तास, आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एका दुपारी सिस्टरनी एका नावापुढे शेरा लिहिला: 'बाहेरगावी गेले.' पहिल्यांदा लिहिताना त्यांचा हात थांबला होता, मला ते जाणवलं. नंतर मात्र थांबला नाही. एक्केचाळीस नावांपुढे तेच दोन शब्द. बाहेरगावी गेलेल्यांना हिशेबात धरत नसत. उरलेल्या मुलांत शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना सगळ्या लशी मिळालेल्या निघाल्या. केंद्राला प्रशस्तिपत्र आलं. मला नवं प्लास्टिकचं आवरण चढलं आणि पाहुणे आले की साहेब मलाच उघडून दाखवायचे. मी आपली मिरवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात गोवर आला, तो खाणीवर. एक खडी फोडणारी बाई दोन वर्षांच्या चिमीला खांद्यावर टाकून धावत आली. पोरीचं अंग तापाने फणफणलेलं, कानांतून पू येत होता. सिस्टरनी घाईघाईने मला उघडलं, चिमीचं नाव शोधलं आणि त्यांचं बोट कडेच्या रकान्यापर्यंत गेलं.

"काय लिहिलंय, सिस्टर?"

सिस्टर पुटपुटल्या, "बाहेरगावी गेले, असं..."

"बाहेरगावी?" त्या माउलीला राग नाही आला, नवल वाटलं. "आम्ही कुठे जाणार? खाणीवरच तर आहोत."

मला वाटलं, आपली शिवण उसवावी आणि पानं वाऱ्यावर उडून जावीत. चिमी जगली, पण तिचे कान गेले ते गेलेच.

साथ कशी पसरली ते शोधायला जिल्ह्याहून आकडेवारी तपासणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी माझ्याशेजारी जन्माच्या नोंदींची यादी मांडली आणि वस्तीवार मुलं मोजली. बाजारपेठेकडे शंभरात सत्त्याण्णव मुलांना लशी मिळाल्या होत्या. खाणीवर शंभरात सोळाच.

"सरासरी छान आहे तुमची," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिच्याआड अख्खी वस्ती लपली. हे शेरे कुणाचे?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "अक्षर माझं आहे. मी गेलेच नव्हते तिकडे."

त्यांची बढती अडली. पण बाईंच्या अहवालामुळे गाडी मिळाली आणि लसीकरण खाणीवरच, काम सुटल्यावर संध्याकाळी सुरू झालं. पहिल्या दिवशी कुणी पुढे येईना. तेव्हा चिमीची आई धाकट्याला कडेवर घेऊन सगळ्यांत आधी आली. तिने नुसता बाळाचा दंड पुढे केला. मग हळूहळू रांग लागली. घरी जाण्याआधी सिस्टरनी ते एक्केचाळीस शेरे एकेक रेघ मारून खोडले. शब्द वाचता येतील अशीच रेघ मारली.

परवा सात वर्षांची चिमी शाळेत द्यायच्या लसीकरणाच्या दाखल्यासाठी आईबरोबर आली होती. मूकबधिरांच्या शाळेत ती अक्षरं शिकली आहे. सिस्टरनी मला कपाटातून काढलं. चिमीने आपलं नाव ओळखलं, बोट सरकवत ती कडेच्या रकान्यापर्यंत आली आणि खोडलेले शब्द तिने वाचले. मग आईकडे बघून तिने हाताने विचारलं: आपण कुठे गेलो होतो?

आईने मान हलवली. कुठेच नाही. सिस्टर पेन शोधण्याचं निमित्त करून पाठमोऱ्या झाल्या.

मित्रांनो, मला पाठ फिरवता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारखी वही चालवाल. तेव्हा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, पण त्या घरी जाऊन दार वाजवल्याशिवाय तिथे एक अक्षरही लिहू नका.