शीवफेरीची बाटली

वॉट ब्रायडनच्या पिंपातली हेवी फेब्रुवारीतच अर्ध्यावर निजली होती, आणि लिंडशॉ गावात हे एकट्या एफीला ठाऊक होतं. निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

हेवी म्हणजे ब्रायडनांची कडक एल, बिअरचाच एक प्रकार. काळपट लाल, दाट, दोन पेले प्याल्यावर माणूस खुर्ची सोडत नाही अशी. हॉप्सची कडू फुलं तिच्यात नावाला. सगळी मदार माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवावर. माल्टचा पहिला दाट अर्क तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास उकळायचा, तळाची साखर तांबूस होऊ द्यायची, आणि मग थंडीत यीस्टला आपल्या चालीने काम करू द्यायचं. घाई असेल त्याने दुसरा धंदा बघावा. घोट घेतला की आधी भाजलेल्या साखरेची चव येते, मग मनुकांची, आणि गिळल्यावरही गोडवा जिभेवर रेंगाळतो. त्या गोडव्यावरूनच खरी हेवी ओळखायची, आणि यंदा नेमका त्यानेच घात केला.

त्या हिवाळ्यात नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठली होती. एफी रोज सकाळी पिंपात काचेचा मापक सोडून एलमध्ये साखर किती उरली ते बघायची. यीस्ट साखर खातं तसा आकडा उतरतो. दरवर्षी तो चोवीसवर येऊन थांबतो. यंदा चौतीसवर आला आणि हलायलाच तयार नव्हता.

"मामंजी, चौतीसवर अडकलंय," ती म्हणाली. "आज आठवा दिवस."

"आठ दिवस हललं नाही म्हणजे संपलं." वॉटने पळीभर एल तोंडात घोळवली. त्रेपन्न वर्षं हेवी करणारा माणूस, नाकावर माशी बसू देत नसे. "गोड आहे."

"गोड आहेच, पण जरा जास्तच..."

"हेवी गोड नसेल तर काय कडू असेल? कडू हवी तर इंग्लंडात जा, पोरी. तिकडे औषध म्हणूनच पितात, आणि तोंडंही तशीच करतात." पिंपं धुणारे दोघे गडी खदखदून हसले.

यीस्ट मेलेलं नाही, थंडीने निजलंय. उन्हाळ्यात बाटलीत जागं होईल, उरलेली साखर खायला लागेल, आणि वायू कोंडून बाटली फुटेल. एवढंच तिला म्हणायचं होतं. पण नवरा युद्धात मारला गेल्यावर याच माणसाने तिला आणि तिच्या पोराला घरात ठेवून घेतलं होतं, धंदा शिकवला होता, आणि एका शब्दाने कधी दुखवलं नव्हतं. गड्यांच्या देखत त्याला खोटं पाडायला तिची जीभ रेटेना. ती गप्प बसली. मार्चमध्ये हेवी बाटल्यांत भरली गेली.

जूनमध्ये भलताच उकाडा आला. गवत पिवळं पडलं आणि मेंढ्या भिंतींच्या सावल्या धरून उभ्या राहू लागल्या. शीवफेरी तोंडावर आली होती. या दिवशी गावातला एक बिनलग्नाचा तरुण गावाचं निशाण घेऊन घोड्यावरून सगळी शीव फिरतो, मागे दोनशे घोडेस्वार. त्याला कॉर्नेट म्हणतात. ब्रायडनांची एक मोठी, तारेने बूच आवळलेली बाटली त्याच्या खोगिराला बांधलेली असते. चौदा मैल ती त्याच्या मांडीशी आपटत जाते. शेवटच्या दगडापाशी तो ती छातीशी धरून उघडतो आणि पहिला घोट घेतो.

यंदाचा कॉर्नेट होता डँड, एफीचा एकुलता एक मुलगा. तेवीस वर्षांचा.

तिने एक युक्ती योजली होती. गेल्या वर्षीची एक बाटली कोपऱ्यात होती. आदल्या संध्याकाळी गुपचूप बदलून टाकायची, म्हणजे कुणाला काही बोलायलाच नको. ॲप्रनखाली बाटली घेऊन ती तबेल्यात गेली, तर तिथे वॉट नातवाच्या खोगिराला नवी बाटली स्वतःच्या हाताने बांधत होता. आजोबा-नातू दोघंही हसत होते. ती तशीच परत फिरली. एका दिवसात काय होतंय, असं स्वतःला समजावत राहिली.

सकाळी आठला डँड निघाला. दहाच्या सुमारास तळघरात काहीतरी फट्‌कन फुटलं. मग आणखी दोनदा. एफी जिन्यावरून खाली गेली तेव्हा तीन बाटल्यांच्या जागी नुसता फेस होता, आणि काचेचे तुकडे समोरच्या ओकच्या दारात बोटभर रुतले होते.

वॉट तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने दारात रुतलेल्या काचेवरून बोट फिरवलं.

"काच खराब," तो म्हणाला. "नव्या कारखान्याची आहे ना."

"मामंजी, ती डँडच्या मांडीशी आहे. उन्हात."

"म्हटलं ना, काच."

ती वर धावली. माल पोचवायची गाडी काढली. ती गिअर टाकतेय तोच वॉट शेजारी येऊन बसला. टेकडीचा रस्ता अरुंद, त्यात आज गावची सगळी माणसं जेवणाच्या टोपल्या घेऊन चालत वर निघालेली. एफी भोंगा वाजवत होती आणि लोक हसून हात हलवत होते. पोराचा चेहरा सोडून दुसरं काही डोळ्यांपुढे येत नव्हतं.

"मार्चात परत चाखली होती मी," वॉट एकाएकी म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता. "फार गोड होती."

एफीचा पाय क्षणभर ब्रेकवर गेला. "आणि भरलीत?"

"त्रेपन्न वर्षं, पोरी. एकदाही ओतून दिलेली नाही."

तिने पुन्हा भोंगा दाबला आणि गाडी वर दामटली.

शेवटच्या दगडापाशी घोडे फेसाळून उभे होते. डँड खाली उतरला होता आणि बाटली त्याच्या हातात होती. बूच तारेला भिडून फुगलेलं होतं. एफी गर्दीत कोपरं मारत घुसली.

"डँड! खाली ठेव ती! हळू!"

"अगं आई, पहिला घोट तुलाच देतो, मग तर झालं?" तो म्हणाला, आणि सगळा जमाव हसला.

"भिंतीपलीकडे ठेव आणि लांब हो. ऐक माझं."

हसणं थांबलं. शीवफेरीचे पंच मर्डो टेलफर पुढे झाले. "एफी, ऊन लागलं का तुला? ही बाटली न उघडता आजवर कुणी गावात परतलेलं नाही." मग ते वॉटकडे वळले. "काय रे वॉट, एलमध्ये काही बिघाड आहे का?"

दोनशे स्वार आणि निम्मं गाव वॉटकडे बघत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. एफीने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं, तो शब्द त्या तोंडातून फुटायचा नाही.

"माझ्या एलमध्ये बिघाड नसतो," वॉट म्हणाला. "फक्त यंदा मी उघडणार. म्हाताऱ्याची हौस समजा."

त्याने नातवाच्या हातून बाटली घेतली, अलगद, झोपलेलं मूल घ्यावं तशी. दगडाच्या पलीकडे गेला. सगळ्यांकडे पाठ केली, कोट बाटलीभोवती ओढून घेतला आणि तारेला एक पीळ दिला.

आवाजाने घोडे मागच्या पायांवर उभे राहिले. वॉट पडला नाही. तो वळला तेव्हा कोटातून फेस गळत होता, आणि तो फेस लाल होता. डाव्या हाताची दोन बोटं जागेवर नव्हती. डँडने धावत जाऊन त्याला धरलं. एफीने ॲप्रन फाडला, गुडघ्यांवर बसली आणि हात बांधायला लागली.

"काच," वॉट म्हणाला. त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. "काच खराब निघाली."

"होतं असं कधीकधी," टेलफर म्हणाले. सण मोडायला ते तयार नव्हते. "चांगल्या पेटीतल्या बाटल्या काढा संध्याकाळी. मैदानात सगळं गाव येणार आहे, पोरंटोरं धरून."

आणि वॉटने मान हलवली. हो म्हणून.

एफीचे हात थांबले. वॉट तिच्याकडे बघत होता. उभ्या आयुष्यात या माणसाने कुणापुढे हात पसरला नसेल, पण आता त्याचे डोळे अक्षरशः भीक मागत होते. तिला त्याची इतकी दया आली की क्षणभर वाटलं, राहू दे, तळघराला कुलूप घालू आणि काहीतरी सबब सांगू. फेब्रुवारीतही तिला असंच वाटलं होतं.

"काच चांगली आहे," ती म्हणाली. कुणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून ती उभी राहिली आणि मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा म्हणाली, "काच चांगली आहे. हेवी पुरी झालीच नव्हती. मला फेब्रुवारीपासून माहीत होतं आणि मी गप्प बसले. आमच्या तळघरात कुणी पाऊल टाकू नका."

ती पुन्हा खाली बसली आणि पट्टीची टोकं गाठ मारायला हातात घेतली. वॉटने तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, आणि ती गाठ दातांनी स्वतःच आवळली.