कापलेलं राहू दे

माझा धाकटा भाऊ रुई-आन गेला, तेव्हा आईला त्याला निरोप द्यायला जाता आलं नाही. लेकराच्या दहनाला जन्मदात्यांनी जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वडील कधीच वारलेले. मावश्यांनी आईला स्वयंपाकघरात धरून ठेवलं आणि मी एकटी जाऊन आले. परतले तर ती मागच्या शेडमध्ये कालवं फोडत बसली होती. डोळ्यांत टिपूस नाही. मला म्हणाली, "त्याचं पिक्चर पुरं झालं पाहिजे. माझूदेवीला कबूल केलंय त्याने."

पिक्चर आमच्याच बुदाय गावच्या, कालवं फोडणाऱ्या बायकांवर होतं. दर्यावर राखण करणाऱ्या या देवीच्या वाढदिवसाला देवळाच्या अंगणात पडदा लावून दाखवायचं ठरलं होतं. त्यासाठी रुई-आन दोन हिवाळे कॅमेरा घेऊन आमच्या नाकासमोर नाचत होता. सगळ्यांत जास्त आईसमोर. "त्यात भेटेल तो मला," आई म्हणाली. मलाही ते पटलं.

पण पिक्चर अडकलं होतं त्याच्या कम्प्युटरमध्ये, आणि तो कम्प्युटर म्हणजे एक नग होता. इकडून तिकडून जुने भाग आणून जोडलेला. थोडा वेळ गुणी बाळासारखा चालायचा, मग पडदा निळा पडायचा, नाहीतर सगळंच बंद. "अरे, दुसरी प्रत काढून ठेव," मी कितीदा ओरडले असेन. "हो गं ताई, एवढं पिक्चर होऊ दे." नवी डिस्क घ्यायची सोडून पठ्ठ्याने नवी लेन्स घेतली. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुसून वापरायचा. आणि बांधावरच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडला तो मोबाइलसकट. त्याचं म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या खोक्यात होतं.

ताइनानहून त्याचा मित्र पो-रेन आला. कॉलेजपासूनची जोडी. हा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. येताना नवी डिस्क आणली होती आणि हिरव्या पाकिटातला कुरकुरीत खाऊ; मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून आमच्याकडे तो त्यावर ठेवतात. आधी खोक्यावरचं जुनं पाकीट काढून त्याने नवीन ठेवलं.

"त्या पाकिटाने काय होणार आहे?" मी म्हटलं.

"ताई, तारीख उलटलेलं पाकीट असलं की मशीन हमखास रुसतं."

"माणूस गेला माझा. मशीनच्या रुसण्याचं काय घेऊन बसलास?"

त्याने पाकीट तेवढं सरळ केलं. वाईट वाटलं मला, पण माझं तोंड हे असं आहे. मग त्याने खोक्याची एक बाजू उघडली, धूळ झाडली, आमचा टेबलफॅन त्यावर रोखला. कॉपी सुरू झाली की आम्ही श्वास रोखायचो. जरा पुढे सरकायची आणि मशीन मान टाकायचं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. दुपारपर्यंत डिस्कमधून खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. पो-रेनने घाम पुसला.

"सगळं नाही निघणार. हिची घटका भरत आलीय. दोन वर्षांचं शूटिंग आहे, त्यातलं फार थोडं पिक्चरमध्ये वापरलंय. प्रोजेक्टची फाइल घेऊ, तिला लागणारे तेवढेच तुकडे घेऊ. कापलेलं राहू दे."

शेडमधून आईने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"पिक्चरमध्ये आहे तेवढंच वाचेल म्हणतोय."

"मग तेवढंच घ्या की. पिक्चरच तर हवंय."

तेवढं निघालं. शेवटचा तुकडा आला आणि थोड्याच वेळात ती डिस्क टकटक करून कायमची गप्प झाली. पुढे कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानदारानेही हात टेकले. पण त्या दिवशी आम्ही तिघं हसलो, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. आईने पो-रेनला कालवांचं धिरडं करून वाढलं, नको नको म्हणत असताना आणखी एक वाढलं.

पो-रेनने पिक्चर पूर्ण केलं. वाढदिवसाच्या संध्याकाळी देवळाच्या अंगणात सगळा गाव जमला. आई केस सेट करून आली होती. पडद्यावर सुऱ्या चालत होत्या, शिंपल्यांचे ढीग चढत होते, बायका एकमेकींना चिडवत होत्या. आई पडद्यावर भरपूर होती. एका ठिकाणी तर ती कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत इतकी हसते की हातातली सुरी खाली पडते. सगळं अंगण हसलं. माझ्या शेजारची आई तेवढी हसली नाही. ती पुढे झुकून बघत होती, बस येतेय का बघतात तशी.

पिक्चर संपलं. लोक टाळ्या वाजवत उठले. आईने पो-रेनची बाही धरली. "तो कुठाय?"

"काकू, तो कॅमेऱ्यामागे होता ना."

"बोलत तर होता. सारखी बडबड करायचा माझ्याशी. तो आवाज कुठाय?"

पो-रेनचा चेहरा उतरला. "तो… आम्ही कापतो, काकू. कॅमेरावाल्याचा आवाज पिक्चरमध्ये ठेवत नाहीत. पहिल्याच वर्षी शिकवतात आम्हाला."

"मग तुझ्या डोक्यात आलं नाही?" मी सगळ्यांसमोर ओरडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा राग भलत्याच माणसावर वळला. रुई-आनवर. किती नीट काम केलं होतं गाढवाने! दोन वर्षं आईशी बोलला आणि स्वतःचा एक शब्द मागे राहू दिला नाही. मला त्याला थोबाडावंसं वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही वाटलं.

घरी येऊन आईने चपला काढल्या. मग म्हणाली, "मी एवढी हसले कशाला गं? काय म्हणाला होता तो?" तिला आठवत नव्हतं. मी त्या दिवशी बाजारात होते.

सकाळी पो-रेन आपला लॅपटॉप घेऊन शेडमध्ये आला. डोळे सुजलेले.

"ताई, तुकडे घेताना आम्ही प्रत्येकाच्या टोकाला जरासं जास्त ठेवतो. शिवणीत कापड सोडतात ना, तसं. मी सगळी टोकं ओढून बघितली. बहुतेकांत नुसता वारा आहे." त्याने लॅपटॉप उघडला. "काकूंच्या हसण्याच्या आधी एका ठिकाणी तो आहे."

त्याने लावलं. शेड, शिंपले, सुरी चालवणारी आई. एक श्वास ऐकू आला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा. मग हसू दाबत रुई-आन म्हणाला, "आ—"

आणि कट. तिथून पुढे पिक्चर, आणि आई हसतेय.

खऱ्या आईने सुरी खाली ठेवली. ओले हात एप्रनला पुसले.

"हं, बोल," ती पडद्याला म्हणाली.

पो-रेनने पुन्हा लावलं. "आ—"

"बोल ना रे."

तिसऱ्यांदा लावायचा त्याला धीर होईना. तो उठून बाहेर गेला. मग मी लावलं.

"आ—"

"ऐकतेय मी," आई म्हणाली.