आबांच्या दंडावरचं बटण

सोफे आणि खुर्च्या मढवून देणाऱ्या आबांचा सगळा जन्म सुईबरोबर गेला होता. हातभर लांबीचं दाभण ते जाड कापडातून असं आरपार काढत, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पण सुईचं टोक आपल्याकडे वळलं, की हेच आबा काहीतरी निमित्त काढून पळत. घरात हे कुणाला माहीत नव्हतं.

आता मात्र पंचाईत झाली. लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली आणि दारातच म्हणाली, "आबा, लांबूनच बघा. डांग्या खोकल्याची लस घेतल्याशिवाय बाळाला कुणी हात लावायचा नाही."

"पण मला कुठे खोकला आहे?"

"नसतानाच घ्यायची असते. बाळ फार लहान आहे, तिला ती लस अजून देता येत नाही. म्हणून आपण घ्यायची. मी घेतली, आईनं घेतली. राहिलात तुम्ही."

आबांनी दाराच्या फटीतून नात पाहिली. तिनं एक इवलीशी जांभई दिली. आबा विरघळलेच. पण सुई आठवली आणि ते पुन्हा घट्ट झाले.

ते तडक आपल्या जिवलग मित्राकडे गेले. मित्र जनावरांचा डॉक्टर.

"तूच टोच ना मला गुपचूप," आबा म्हणाले. "तुझा हात हलका आहे. म्हशीसुद्धा तक्रार करत नाहीत."

"करतात. तुला कळत नाही, एवढंच. आणि मला माणसांना लस द्यायची परवानगी नाही."

"अरे, सुई ती सुई!"

"मग उद्या म्हशीला टाके घालायला येतोस तुझं दाभण घेऊन?"

"येईन की. कडेनं छान गोटसुद्धा लावून देईन."

"म्हणूनच तुला कुणी बोलवत नाही. टोचता कुणालाही येईल, बाबा. लस किती थंड ठेवायची, कुणाला द्यायची नाही, दिल्यावर माणूस आडवा झाला तर काय करायचं, हे शिकावं लागतं. मी म्हशींचं शिकलो."

"बरं, टोचू नकोस. टोचलं म्हणून नुसतं सांग माझ्या लेकीला."

"लेक फसेल रे. खोकला फसेल का?"

आबा फुरंगटून दुकानात परतले आणि त्यांनी दार लावून घेतलं. थोडा कापूस आणि वर चिकटपट्टी, एवढंच तर असतं दंडावर! त्यात काय मोठं? पण हात पडला कारागिराचा. कापूस फारच चपटा दिसला, म्हणून आत फोमचा तुकडा घातला. कडा उघड्या वाटल्या, म्हणून गोट लावला. फोम मधोमध फुगला, आणि फोम फुगला की आबांचा हात आपोआप बटणाच्या डब्याकडे जातो. शेवटी ते सगळं त्यांनी सोफ्याच्या गोंदानं दंडावर चिकटवलं. सोफा मोडेल, पण तो गोंद सुटत नाही.

"आई गं, फार दुखलं," असं कण्हत आबा घरात शिरले आणि दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे बाळ."

लेकीनं दंडाकडे पाहिलं. "आबा, सिस्टरनं बटण पण लावून दिलं?"

आबांनी मान वाकडी करून पाहिलं. बटण चांगलं चकाकत होतं. "ते... लस बाहेर येऊ नये म्हणून असतं."

"मग काजही करून आणायचं होतं!" आतून आजी ओरडली आणि पोट धरून हसत सुटली.

लेक हसली नाही. "आबा, बटण नसतं ना, तर मी बाळ तुमच्या हातात दिलं असतं," ती हळूच म्हणाली. "तुमच्यावर विश्वास ठेवून."

आबा मटकन खाली बसले. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं सुईची."

"मग तसं सांगायचं ना! चला, मी येते बरोबर."

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं बाही वर केली आणि ती चकित झाली. "हे काय?"

"नमुना आहे," आबा पुटपुटले.

तिनं ओढून पाहिलं. दंड आला, नमुना आला नाही. "असू दे. दुसरा दंड काढा."

"आधी सांगा, तुम्ही हे रीतसर शिकला आहात का?" आबांनी उलटतपासणी सुरू केली.

सिस्टर अजिबात रागावली नाही. "विचारलंत ते बरं केलंत. विचारायलाच हवं," असं म्हणून तिनं भिंतीवरचं आपलं प्रमाणपत्र दाखवलं. थंड पेटीतली लस काढून तिचं नाव आणि मुदत वाचायला दिली. मग तिचे प्रश्न सुरू झाले. ताप आहे का? कुठल्या औषधाचा त्रास होतो का? सुई पाहून चक्कर येते का?

"मला? अहो, सुईवर तर पोट आहे माझं!"

लेकीनं नुसतं पाहिलं.

"येते," आबा म्हणाले. "थोडी."

सिस्टरनं त्यांना खाटेवर आडवं केलं. आबांनी तोंड फिरवलं, तर समोर गादीची उसवलेली शिवण. "ही गादी कुणी शिवली हो? असा टाका घालतात का कुणी? याला तर—"

"झालं," सिस्टर म्हणाली.

"काय झालं?"

"लस देऊन झाली. आता थोडा वेळ उठू नका."

आबा लगेच ऐटीत उठले आणि तसेच कलंडले. सिस्टरचा हात आधीच पाठीशी होता. तिनं त्यांना अलगद परत झोपवलं, पाय उंच केले आणि नाडी पाहिली.

"हे म्हशींच्या डॉक्टरला जमलं नसतं," डोळे उघडल्यावर आबा म्हणाले.

पण नात लगेच मिळाली नाही. लस टोचल्यावर शरीराला खोकला ओळखायला शिकावं लागतं, त्याला दोन आठवडे तरी लागतात, असं सिस्टरनं बजावलं होतं. तेवढे दिवस आबा दाराच्या फटीतूनच नातीला गोष्टी सांगत राहिले. मग एका सकाळी लेकीनं ते मऊ, ऊबदार गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. नात झोपली. आबा हलेनात. गिऱ्हाईक आलं, त्यांनी मानेनंच परतवलं.

थोड्या वेळानं जनावरांचा डॉक्टर आला. "आण, मलाही घेऊ दे जरा."

"लस घेतलीस?"

"घेतली की! हा बघ दंड."

"दंड नको दाखवूस. केंद्रात फोन लाव आणि सिस्टरशी माझं बोलणं करून दे."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे रे. दंडावर नाही," आबा कुजबुजले. "आणि हळू बोल. ती झोपली आहे."