जायफळाचे दोन वेढे

मित्रांनो, एका बाजूने झिजून सपाट झालेलं जुनं जायफळ म्हणजे मी. माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मोरिवलीच्या इंदुबाईंनी मला उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातून आणलं. दुकानदार म्हणाला, "माई, एकदम असली माल है!" पण त्यांनी पदराची सुई काढून मला टोचलीच. "त्याल काडून घेतल्यालं जायफल इकतान हल्ली," त्या म्हणाल्या. सुईला तेल लागलं, तेव्हाच मी पिशवीत पडलो. राग आला, पण बाई मला आवडल्या.

त्यांच्या घरी मी पुरणात गेलो, श्रीखंडात गेलो. माझ्यामुळे जड जेवण पचतं, कोमट दुधात किंचित घातलं की झोप लागते, असं तिथे सगळे म्हणत. माझ्यात तेल आहे, थोडे क्षार आहेत. पण चिमूटभर खाऊन कितीसं पोषण मिळणार? मोबाइलवर माझं कौतुक चाललं की मला शंकाच येते.

खरा मान बाळगुटीत. ओल्या सहाणेवर मला दोनदा गोल फिरवायचं, त्याला वेढे म्हणतात. तेवढ्याने दगडावर जेमतेम ओलसर डाग उमटतो. इंदुबाई वेढे मोठ्याने मोजायच्या. तिसरा त्यांनी कधी दिला नाही.

पुढे त्यांच्या मुलाने, सुजितने, सोनिवलीत फ्लॅट घेतला. मला तिकडे पाठवलं. सहाण जड म्हणून मागे राहिली. मला तेव्हाच काळजी वाटली होती.

एका दुपारी त्याच्या पाच महिन्यांच्या भाविकाला जुलाब लागले. तिची आई कामावर होती. सुजितने फोन लावला.

"आये, जायफल किती देऊ?"

"दोनच येढं. जास्ती नको."

सहाण नव्हती, म्हणून त्याने किसणी घेतली आणि तिच्यावरून मला जोर लावून दोनदा फिरवलं. सहाणेवर वर्षभरात झिजलो नसेन तेवढा मी खाली ठेवलेल्या वाटीतल्या दुधात पडलो. मला ओरडता येत नव्हतं. चमचा भाविकाच्या ओठांशी गेला.

फोन अजून चालू होता. "खरखर कसली रं ती?" इंदुबाई ओरडल्या. "सहाण तर माज्यापाशी हाय! थांब, नको देव!"

सुजितने चमचा झटकन मागे घेतला आणि दूध लादीवर सांडलं.

तो भाविकाला घेऊन थेट दवाखान्यात धावला. इंदुबाई रिक्षाने तिथेच पोहोचल्या. सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं पोटात गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. आणि आजी, या वयाला दोन वेढेही नकोत. जुलाब झाले तर आधी इथे आणायचं."

"म्या चार पोरा यावरच वारवली," इंदुबाई म्हणाल्या. मग त्या नातीचे पाय चोळत बसल्या. घरी आल्यावर मला डबीत टाकत त्यांनी सुजितला सांगितलं, "याला पुरनान घाल. पोरीला नको."

मित्रांनो, मी मोबाइलवर संशय घेतला, किसणीवरही घेतला. स्वतःवर कधीच घेतला नव्हता. सगळे मला औषध म्हणत आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

भाविका आता रांगते. परवा तिला माझी डबी सापडली. ती खुळखुळ्यासारखी हलवत हसत होती आणि मी आत धडपडत एकच विचार करत होतो, की झाकण घट्ट आहे ना? कृपा करून, मला वरच्या फळीवर ठेवा.