बारा पॉइंट चार

"धरा जरा घट्ट काका, सोडू नका," म्हणत मुख्याध्यापक मोजपट्टी ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. "हे ओटे काढले ना, की तीस स्क्रीन आरामात बसतील बघा."

काकांनी पट्टीचं टोक भिंतीला धरून ठेवलं. ही प्रयोगशाळा गेली एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती आणि आज तिचं माप काढायलाही हात त्यांचाच लागत होता. मुलं त्यांना काका म्हणत, शिक्षकही काका म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात तेवढं उरलं होतं. कागदोपत्री ते प्रयोगशाळा सहायक. द्रावणं बनवायची, काचेची भांडी धुवायची, जाताना गॅस बंद आहे ना ते पाहायचं, एवढंच काम. शिकवणं त्यात कुठेच बसत नव्हतं. पण डाव्या हाताने ब्युरेटची तोटी कशी फिरवायची आणि त्याच वेळी उजव्या हाताने खालचं पात्र कसं हलवत राहायचं, हे ह्या शाळेतून बाहेर पडलेल्या निम्म्या लोकांना काकांनीच ओरडून ओरडून शिकवलं होतं.

"सर, एक बोलू?"

"बोला की."

"मुलं वर्षभर ॲपवरच प्रयोग करतायत. त्यांना खरंच काही येतं का, ते एकदा बघायला नको?"

"येतं का म्हणजे? गेल्या चाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी आहेत."

"ती चाचणीपण ॲपनेच घेतली ना सर."

मुख्याध्यापक हसले. माणूस वाईट नव्हता. नवीन काही आलं की त्यांना राहवत नसे, इतकंच. काकांनी मग मनाचा हिय्या केला. "ह्या वेळची वार्षिक परीक्षा इथे घ्या. खऱ्या काचेवर. पोरांना जमलं तर हे ओटे मी स्वतः उचलून देतो. नाही जमलं, तर खोली राहू द्या."

"लागली पैज," मुख्याध्यापक पट्टी गुंडाळत म्हणाले. "पण नंतर तोंड पाडून बसायचं नाही हं काका."

ॲप आलं त्याला तीन वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्यात खोड काढावी असं फारसं नव्हतं. काच फुटत नसे, कुणाचा शर्ट जळत नसे, तास वेळेत संपे. स्क्रीनवर एक ब्युरेट दिसे, म्हणजे आकडे छापलेली उभी लांब नळी. खाली पात्रात आम्ल. नळीवर बोट ठेवलं की वरचं द्रावण थेंब थेंब पडे, आणि आम्ल पुरतं संपल्यावर पात्रातलं पाणी गुलाबी होई. त्याच क्षणी टिंग करून घंटी वाजे आणि आकडा समोर येई: नऊ पॉइंट आठ. कोणीही करा, कधीही करा, नऊ पॉइंट आठ. पोरांना तो आकडा स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ झाला होता.

परीक्षेच्या आधी चार दिवस काकांनी अंगावरचा कोट काढला नाही. वीस ब्युरेट धुतल्या, तोट्यांना वंगण लावलं, कुठली गळत तर नाही ना म्हणून रात्रभर पाणी भरून ठेवल्या. बायको म्हणाली, "इतकी धावपळ तर पोरीच्या परीक्षेलाही केली नव्हती तुम्ही." काका नुसते हसले. द्रावण त्यांनी नेहमीच्या रिवाजाने बनवलं. त्याची तीव्रता दर वर्षी थोडी बदलायची, म्हणजे कोणी वरच्या वर्गातल्या ताईदादांच्या वहीतून उत्तर उतरवणार नाही, ही त्यांची एकतीस वर्षांची पद्धत. स्वतः तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा बारा पॉइंट चार. तो आकडा कागदावर लिहून, पाकीट चिकटवून त्यांनी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलं.

परीक्षेला वीस मुलं होती. रसायनशास्त्राच्या मॅडम खुर्चीवर, काका दारापाशी. परीक्षेत सहायकाने तोंडाला कुलूप लावायचं, हा नियम काकांनी आजवर मोडला नव्हता.

पहिली दहा मिनिटं पोरं बिचकली. कोणी ब्युरेट उलटी लावायला निघालं, कोणी तोटी इतकी फिरवली की द्रावण सळसळत खाली आलं. हे व्हायचंच, काका मनात म्हणाले. मग एकेकाच्या पात्रात गुलाबी रंग उमटला. आता थांब, थांब आता, काकांचे ओठ आतल्या आत हलले. पण कोणीच थांबेना. रंग गडद होत चालला तरी द्रावण पडतच होतं आणि पोरं पात्राकडे न बघता काहीतरी ऐकत असल्यासारखी उभी होती.

एका उंच मुलाने शेवटी विचारलंच, "मॅडम, हे वाजत का नाहीये?"

"काय वाजत नाहीये?"

"ते... टिंग."

दोघंतिघं हसली. बाकीची हसली नाहीत, कारण तीही तीच वाट बघत होती. मॅडमनी मान खाली घातली. काकांना हसू आलं. पैज आपण जिंकलो हे त्यांना त्या क्षणी कळलं, पण त्याचा आनंद काही होईना. रंग डोळ्यांसमोर बदलतोय आणि पोरं कान लावून बसलीत! ह्यांना दोष तरी काय द्यायचा? ज्यांनी शिकवलं त्यांनी असंच शिकवलं.

एक मुलगी मात्र थांबली होती. वर्गात तिला शंकासूर म्हणत, कारण प्रत्येक तासाला तिचा हात वर. फिकट रंगही लगेच दिसावा म्हणून तिने पात्राखाली पांढरा कागद ठेवला होता. हे तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. पात्रातलं पाणी जेमतेम गुलाबी झालं आणि तिने तोटी बंद केली. गुडघे वाकवून, डोळा आकड्याच्या बरोबरीला आणून तिने वाचलं. पेन्सिलने लिहिलं. पुन्हा केलं. पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा काका तिच्या मागूनच चालले होते. कागदावर एकाखाली एक तीन आकडे होते आणि तिन्ही बारा पॉइंट चार होते.

एवढ्यासाठी तर ही खोली हवी होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "माझं काहीतरी चुकतंय का हो?"

काकांनी मान हलवली नाही, काही नाही. नियम म्हणजे नियम. तिने शेजारच्या मुलाच्या कागदाकडे पाहिलं, मग पलीकडच्या मुलीच्या. तिथे नऊ पॉइंट आठ, इथेही नऊ पॉइंट आठ. काही मुलांच्या ब्युरेटमधून वीस-वीस मिलिलिटर उतरून गेलं होतं, तरी कागदावर नऊ पॉइंट आठच. ती थोडा वेळ पेन्सिल चावत उभी राहिली. मग तिने खोडरबर घेतलं आणि तिन्ही आकडे नीट, फुंकर मारत खोडले. खाली लिहिलं, नऊ पॉइंट आठ.

बोल, काका स्वतःला म्हणत होते, अरे बोल की. पण ते बोलले नाहीत.

मुलं गेल्यावर मॅडमनी कपाटातलं पाकीट आणून फोडलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. "काका, बारा पॉइंट चार कसं असेल? वीसच्या वीस मुलांचं नऊ पॉइंट आठ आलंय. तुमचं द्रावण चुकलं."

एकतीस वर्षांत हे वाक्य काकांना कोणी ऐकवलं नव्हतं. ते रागावले नाहीत. एक ब्युरेट भरली, पात्र घेतलं, म्हणाले, "मॅडम, इकडे या. आकडा तुम्ही वाचा." शेवटचे थेंब त्यांनी तोटीच्या टोकावरून एकेक करून उतरवले. मॅडम वाकल्या. नळीवर बारा पॉइंट चार होतं.

"मी वर्षभरात दोनदाच आणलं त्यांना इथे," त्या म्हणाल्या. "किल्ली तर तुमच्याकडेच होती. मागितली असती तर दिली असतीत. पण ॲपवर सगळं वेळेत व्हायचं हो काका." त्यांचे डोळे भरून आले होते. काकांनी शंकासूरचा कागद पुढे केला. खोडलेल्या जागी पेन्सिलीचे ओरखडे उजेडात अजून वाचता येत होते.

तोवर मुख्याध्यापक आले. सगळं ऐकून ते ओट्याला टेकून बसले. "पैज तुम्ही जिंकलात काका. मी नाही म्हणत नाही. पण आता मी पालकांना काय सांगू? वीसच्या वीस नापास? पोरांचं वर्ष जाईल."

"हिचं तरी बरोबर होतं सर."

"खोडलेल्याला मार्क देता येतात का? तुम्हीच सांगा." त्यांनी खिशातून पेन काढलं. "एकच वाट आहे. द्रावण सदोष होतं असं तुम्ही लिहून द्या. म्हणजे परीक्षाच धरायची नाही. ॲपचे मार्क लावू, सगळी पास."

"आणि खोली?"

मुख्याध्यापकांनी पेन पुढे केलं. मॅडम म्हणाल्या, "काका, नका लिहू." पण नाही लिहिलं तर काय करायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

काकांनी पोरांचे कागद हातात घेतले. त्यांच्या हातात आज पहिल्यांदाच पुरावा होता. वीस कागद, वीस खोटे आकडे. कोणाच्याही तोंडावर मारावेत असे. आणि ते वापरायचे तर आधी त्या पोरांचंच वर्ष बुडवायचं, शंकासूरचंही. त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, "मी बनवलेलं द्रावण सदोष होतं." खाली सही केली.

बाहेर पायरीवर शंकासूर बसली होती, वडील न्यायला येणार होते म्हणून थांबलेली. काकांना बघून ती उठली.

"काका, खरं सांगा. मला तीनदा बारा पॉइंट चार आलं होतं. माझे डोळे खराब आहेत का?"

आता परीक्षा संपली होती, नियमही संपला होता. काका तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "नाही गं पोरी. तुझंच बरोबर होतं. सगळ्या वर्गात एकटीचं."

काका वाट बघत होते. ही आता विचारेल, मग बाकीच्यांचं असं कसं आलं? विचारेल, मी का खोडलं? तिच्याइतक्या शंका ह्या शाळेत कोणी विचारल्या नव्हत्या.

"मग मार्क कापणार का?" तिने विचारलं.

"नाही. सगळी पास आहात."

"हुश्श. वाचले बाई." तिचा चेहरा खुलला. "मी किती घाबरले होते काका!"

"पुन्हा करून बघायचंय? ब्युरेट भरलेली आहे अजून. पाच मिनिटं लागतील."

"आता?" ती गोंधळली. "पण परीक्षा झाली ना." तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. तिने त्यांच्याकडे बघून छान हसून हात हलवला आणि धावत गेली.

काका आत आले. वीस पात्रं ओट्यावर तशीच होती. त्यांनी बाह्या वर केल्या आणि धुवायला घेतली. एकोणीस गडद गुलाबी होती, ती पटापट रिकामी झाली. तिचं पात्र त्यांनी शेवटी ठेवलं होतं. इतका फिकट रंग हवेत फार वेळ टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. आत साधं पाणी होतं. त्यांनी ते ओतून टाकलं, पात्र दोनदा विसळलं आणि बाकीच्यांच्या रांगेत उपडं घातलं.