शब्दाला शब्द

"सोमवारी प्रेस चालू होईल का? हो की नाही, एवढंच विचारा," परदेशी साहेब म्हणाला.

दुभाषीबाईंनी फोरमनला तेच विचारलं. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. पत्रे दाबणाऱ्या त्या प्रेसमध्ये हात गेला की यंत्र थांबवणारा सेन्सर बंद पडला होता, नवा यायला पंधरा दिवस होते. मामांनी मान खाजवली, साहेबाच्या बुटांकडे पाहिलं.

"बघतो. करू काहीतरी."

अकरा वर्षं बाई मामांचं बोलणं साहेबलोकांपर्यंत पोचवत होत्या. मामांचं 'बघतो' म्हणजे नाही आणि 'करू काहीतरी' म्हणजे अजिबात नाही, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. वरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं मामांच्या जिभेवरच नव्हतं. पूर्वी बाई सरळ सांगायच्या, 'ते नको म्हणताहेत.' साहेब 'मूर्खपणा आहे हा' म्हणाला, तर मामांना सांगायच्या, 'साहेबांना जरा काळजी वाटतेय.' पण गेल्या महिन्यात मुख्य कचेरीतल्या मराठी कळणाऱ्या कुणीतरी बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकलं. साहेबाने बाईंना बोलावून घेतलं.

"तुम्ही पदरचं घालता. आम्हाला शब्दाला शब्द हवा."

एवढंच. बाईंना राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. त्या 'बरं' म्हणाल्या होत्या.

"ते म्हणताहेत, बघतो. करू काहीतरी," त्यांनी आता सांगितलं.

"छान!" साहेबाने वहीत टिपून घेतलं.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "कळलं ना गं त्यांना?"

"सांगितलं मी."

सोमवारी प्रेस चालू करायचा लेखी हुकूम आला. नाही सांगूनही हुकूम आला, म्हणजे साहेबांनी काही विचार केला असेल, असं मामा म्हणाले म्हणे. त्यांनी दुसऱ्या कुणाला यंत्राजवळ फिरकू दिलं नाही. स्वतः उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

बुधवारी साहेब दवाखान्यात गेला. बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"तुम्ही 'नाही' असं का म्हणाला नाहीत?" साहेबाने विचारलं. बाईंनी ते मामांना विचारलं.

मामांनी बाईंकडे पाहिलं. "मी नाहीच म्हणालो होतो की."

बाईंनी तेही सांगितलं, शब्दाला शब्द. साहेबाने गोंधळून वही उघडली.

"इथे तर 'बघतो, करू काहीतरी' असं लिहिलंय."

बाईंनी मामांना सांगितलं. पुढचं वाक्य त्यांच्या पदरचं झालं असतं. ते त्यांनी घातलं नाही.

मामांनी डोळे मिटले. "असू दे. त्यांना बसायला सांग. केव्हाचे उभे आहेत."

"ते म्हणताहेत, तुम्ही बसा."

खोलीत एकच खुर्ची होती. साहेब बसला. बाई पुढच्या वाक्याची वाट बघत उभ्या राहिल्या.